तीस मोजेपर्यंत

“वीसच झाले. सोडलात काहून?” मोहिनीबाई म्हणाल्या.

मी नीलम्माचा हात सोडला होता. तिचं तोंड बघवत नव्हतं.

“दुखतंय तिला,” मी म्हणालो.

“दुखणारच. तीस मोजेपर्यंत धरायचं. वीसला सोडलं की हात पुन्हा होता तिथं जातो. मग एसटीत धक्के खात आलात कशाला? घरीच बसायचं होतं.”

नीलम्मा, माझी बायको, डोळे मिटून स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, “धरा तुमी. मी वरडले तरी धरा.”

मी पुन्हा तिचं डावं कोपर तिच्या कुशीला दाबून धरलं, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि तळहात वर येईल असा हळूहळू पिळायला लागलो. मोहिनीबाई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. सव्वीसला नीलम्मा ओरडली. तीस झाल्यावर बाई म्हणाल्या, “हां. आता सोडा.”

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातली ही व्यायामाची खोली. साल पंच्याण्णव, मे महिना. आम्ही घाटनांदूरहून आठवड्यातून तीनदा यायचो. मोहिनीबाई तिथे नव्याने लागल्या होत्या. वय पंचवीस-सव्वीस. बाप हरिबा, धारूरकडे मेंढरं राखायचा. शिकल्या औरंगाबादेत, पण रागावल्या की बोली घरची यायची. आणि त्या माझ्यावर रोज रागवायच्या.

अपघात शिवरात्रीचा. परळीहून दर्शन करून काळ्या-पिवळ्या जीपमधून परत येत होतो. कारखान्याच्या एका ठेकेदाराची नवी कोरी मोटार वळणावर समोरून आली. मला खरचटलंसुद्धा नाही. नीलम्मा कडेला बसली होती. तिच्या डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. दोन महिने प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण हात वळत नव्हता. तळहात जमिनीकडे तोंड करून राहायचा. भाकरी थापता यायची, उचलता यायची नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने सुटे पैसे पुढे केले की ती उजवा हात पुढे करायची.

याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला वाटायचं ते वेगळंच.

आम्हा लिंगायतांत सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग सोडायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि उजव्या हाताने विभूती-बेल वाहायचं. त्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. नीलम्माला आठव्या वर्षी दीक्षा झाली होती. तेव्हापासून बाळंतपणातसुद्धा तिने चुकवलं नाही. आता तळहात वर होत नव्हता. मी म्हणालो, पाटावर ठेव. ती ठेवायची, पण ती पूजा तिच्या मनाला लागत नव्हती.

“पाटावर ठेवलं की ते देव्हाऱ्यातल्या देवासारखं झालं,” ती म्हणायची. “हातावर असलं की आपलं.”

मी म्हणालो, “माझ्या हातावर धरतो, तू वाहा.”

“तुमचं तुमच्या गळ्यात हाय. माझं तुमी कशाला धरताव?”

हेच तिने पहिल्या दिवशी मोहिनीबाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, हाताने काय काय करायचंय. बायका भाकरी म्हणतात, धुणं म्हणतात. हिने लिंग सांगितलं. मोहिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची हातोडी नीलम्माच्या मुठीत उभी दिली.

“ही बाराची खूण समजा. घड्याळातला काटा. हात बाहेरच्या बाजूला वळला की काटा अकरावर, दहावर जातो. नवावर पूर्ण आडवा झाला की तळहात आभाळाकडं. मग तुमचं लिंग बसतंय. घरी हातोडी नसली तर लाटणं घ्या. आधी गरम पाण्यात हात दहा मिनिटं. जोर मालकानं लावायचा. तीस मोजेपर्यंत.”

“किती दिवसांत होईल?” मी विचारलं.

“सहा महिने हातात हायेत. त्यात झालं तर झालं. नंतर मी बी काही करू शकत न्हाई आन् तुमचा देव बी.”

घरी स्वयंपाकघरात नीलम्मा भिंतीकडे तोंड करून बसायची. मी मागून धरायचो. लाटण्याचं टोक जिथवर जाईल तिथे ती उजव्या हाताने कोळशाची रेघ मारायची. सुरुवातीला लाटणं सरळसुद्धा उभं राहत नव्हतं, उलटं आत कलायचं. जून संपेपर्यंत रेघ साडेदहावर आली. भिंतीवर नऊ रेघा झाल्या होत्या. एके दिवशी तिने लिंग तळहातावर ठेवून बघितलं. ते घरंगळलं, तिने झेललं, आणि ती हसली. अपघातानंतर पहिल्यांदा हसली.

“अजून जरासंच,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी केदारनाथ वकिलाकडे गेलो.

क्लेमची केस त्याच्याकडे होती. विमा कंपनीकडून भरपाई घ्यायची होती. ठेकेदाराच्या गाडीची चूक आहे यात वाद नव्हता. वाद होता तो हाताची किंमत किती, यावर. आणि खरं सांगायचं तर मला पैसा हवा होता. माझं कापडाचं दुकान रेडिमेडने खाल्लं होतं. बाजारात शर्ट तयार मिळायला लागल्यावर कापड कोण फाडून नेतो? स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एसटीडी बूथ टाकायचा माझ्या डोक्यात होता. मी वकिलाला आनंदाने सांगितलं की हाताला बराच फरक आहे, साडेदहावर आला.

वकिलाने पेन खाली ठेवलं.

“अप्पा, तुमी माझ्याकडं केस घालायला आलाव का मोडायला?”

“काय झालं?”

“बैल बाजारात न्यायचा असला की शिंगं रंगवतेत, तेल लावतेत. इथं उलटं हाय. इथं बैल जितका रोड तितका भाव जास्त. डिसेंबरात बीडला सिव्हिल सर्जन हात तपासणार. तो टक्के लिहिणार. चाळीस लिहिले तर चाळीसचे पैसे. तवर तुमी हात नीट करून नेला तर दहा लिहील. मग बूथ टाका दहा टक्क्याचा.”

“बाई म्हणतात सहा महिन्यांत झालं न्हाई तर...”

“ती पगारी बाई हाय. तिचं काय जातंय? डिसेंबरनंतर करा की लेकाहो व्यायाम. हात कुठं पळून जातोय?”

मी बसमध्ये वाटभर हिशेब करत आलो. हात पळून जात नव्हता. डिसेंबर फार लांब नव्हता. नीलम्मा ऐकणार नाही हे मात्र मला माहीत होतं. पैशासाठी हात असाच ठेव म्हटलं असतं तर तिने लाटणं माझ्या डोक्यात घातलं असतं. म्हणून मी तिला सांगितलं, “मी मोहिनीबाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, आता हाताला विश्रांती द्या. जास्त पिळला तर जुळलेलं हाड हलंल. दिवाळीनंतर पुन्हा सुरू करू.”

“मॅडम असं म्हणल्या?”

“हां.”

“मग ठीक हाय.” तिने लाटणं धुऊन डब्यात ठेवलं.

एवढंच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि एकटी ती कधी अंबाजोगाईला गेली नव्हती. मोहिनीबाईंचा शब्द तिच्यासाठी जंगमस्वामींच्या शब्दासारखा होता. मी तो वापरला.

जुलैत पोस्टमन दुकानात कार्ड टाकून गेला. मोहिनीबाईंचं. “नीलम्माबाई सहा वेळा गैरहजर आहेत. हात सुधारत असताना थांबू नका. गाडीभाड्याची अडचण असेल तर सांगा.” ते मी गल्ल्याखाली सरकवलं. ऑगस्टात दुसरं आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, “वेळ जात आहे.” तेही तिथेच गेलं.

दिवाळीपर्यंत हात पुन्हा बारावर आला. मला ते तिच्या वाढण्यावरून कळलं. ताट घेताना ती आधी हात जरा वळवायची, ते बंद झालं. दिवाळी झाल्यावर तिने विचारलं, तेव्हा बीडचे डॉक्टर बघू देत, मग जाऊ, असं मी म्हणालो. मॅडमनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल, असं ती धरून होती. डिसेंबरात बीडला नेलं. डॉक्टरने हात धरून दोन मिनिटं फिरवला, तो फिरला नाही. पस्तीस टक्के लिहिले. मी बाहेर येऊन तिला रसवंतीत नेलं. तिने रस घेतला नाही. तिने एवढंच विचारलं, “आता मॅडमकडं जायाचं ना?”

“तारीख होऊ दे,” मी म्हणालो.

तारीख मार्चमध्ये लागली, अंबाजोगाईच्या कोर्टात. वकिलाने नीलम्माला शिकवलं होतं, व्यायाम काहून सोडला म्हणलं तर दुखत होतं म्हणायचं. मी तिला दोनदा घोकून घेतलं होतं.

आत गेलो तर बाकावर मोहिनीबाई बसलेल्या. मांडीवर दवाखान्याचं रजिस्टर. कंपनीच्या वकिलाने त्यांना बोलावलं होतं. नीलम्माला त्यांना बघून बरं वाटलं. तिने लांबूनच उजव्या हाताने नमस्कार केला. बाईंनी मान फिरवली.

कंपनीचा वकील शांत माणूस होता. त्याने रजिस्टर उघडून न्यायाधीशांसमोर ठेवलं. मे, जून हजर. जुलैपासून सगळं गैरहजर. मग त्याने नीलम्माला विचारलं, “बाई, उपचार चालू होते, हात सुधारत होता. साडेदहापर्यंत आला होता असं इथं लिहिलंय. मग तुम्ही यायचं का थांबलात?”

नीलम्माने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुखत होतं, म्हण.

पण समोर मोहिनीबाई होत्या. त्यांच्यासमोर खोटं कसं बोलायचं, असं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, “मॅडमनीच बंद करा म्हणल्या.”

“मॅडम तुम्हाला म्हणाल्या?”

“मालकाला म्हणल्या. हाड हलंल म्हणून.”

मोहिनीबाई जागेवरून उठल्या. कोर्टात असं उठायचं नसतं. “मी? मी कशाला म्हणंल? मी दोन कार्डं टाकली यांना. दोन. मेंढराचा पाय बांधला तर माझा बाप रोज जाऊन बघतो, अन् मी माणसाचा हात अर्ध्यावर सोडा म्हणंल?”

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं. कंपनीचा वकील माझ्याकडे बघून किंचित हसला आणि कागद गोळा करायला लागला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

केदारनाथ वकिलाने मला बाहेर व्हरांड्यात ओढलं. “वाटुळं केलंत अप्पा. आता ते म्हणणार, हात आमच्या गाडीनं न्हाई, नवऱ्यानं वाकडा केला. पुढच्या महिन्यात लोकअदालत हाय. जे देतील ते घ्या अन् मिटवा.”

“तुमीच म्हणला होतात, बंद करा.”

“मी म्हणलो?” तो म्हणाला. “कुठं लिहिलंय?”

मी त्याच्या गचांडीला हात घातला. दोन शिपायांनी सोडवलं. नीलम्मा जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. मला वाटतं तिला ते दिसत नव्हतं.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. घरी आल्यावर पदर खोचून सरळ दुकानात गेली आणि गल्ल्यासमोर उभी राहिली.

“कार्डं कुठं हायती?”

मी काढून दिली. तिने ती उलटीसुलटी बघितली आणि मला परत दिली.

“वाचा.”

मी वाचली.

“परत वाचा. दुसरं.”

मी परत वाचलं. “वेळ जात आहे” इथपर्यंत. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. रस्त्यावरून लोक जात होते, बाजारचा दिवस होता. एक गिऱ्हाईक आलं, नाड्याचा गुंडा मागितला. तिने तो दिला, उजव्या हाताने पैसे घेतले, आणि ते गेल्यावर म्हणाली, “किती मिळणार होते?”

मी आकडा सांगितला.

“माझ्याकडं मागायचे. माझ्या बापानं दिलेली बोरमाळ हाय. ती मोडली असती मी.” तिने कार्डं घेऊन विभूतीच्या डब्याखाली ठेवली. “हात माझा होता.”

लोकअदालतीत अडतीस हजारांवर मिटलं. वकिलाची फी जाऊन जे राहिलं त्यात बूथ उभा राहिला. पिवळी पाटी, आत एक पंखा, लाल आकड्यांचं मीटर. ती त्या बूथमध्ये एकदाही आली नाही.

मोहिनीबाईंकडे मात्र ती गेली. एकटी. वाचता येत नसताना, कंडक्टरला विचारत. मी मागच्या बसने गेलो. खोलीच्या दारात उभा राहिलो. मोहिनीबाईंनी मला बघितलं आणि आत या म्हणाल्या नाहीत.

“एप्रिल लागला,” त्या नीलम्माला म्हणाल्या. “मागच्या जूनमधी साडेदहा होतं. तवा तुमी यायला पायजे होतं.”

“आता न्हाई होणार का?”

“करून बघू.”

दोन महिने त्यांनी केलं. त्या स्वतः धरायच्या, मला हात लावू दिला नाही. घरी नीलम्मा आपल्या भावाला, सिदूला, बोलावून घ्यायची. सिदू शेजारच्या गल्लीत राहायचा. तो मागून धरायचा आणि मोठ्याने मोजायचा. मी ओसरीवर बसून ऐकायचो. भिंतीवरची रेघ अकरावर आली आणि तिथेच थांबली. एकावर एक मारून तिथे काळा डाग झाला. जूनच्या शेवटी मोहिनीबाई तिला म्हणाल्या, आता पुरे, आता तुम्हाला नुसताच त्रास देते मी.

त्यानंतर रोज सकाळी पाट मांडताना ती मला ऐकू जाईल असं म्हणायची, “आज बी पाटावर.” दुसरं काही नाही. जेवायला वाढायची, दुखलं-खुपलं बघायची, पण रोज सकाळी एवढं म्हणायची. मी एकदा चिडून म्हणालो, “मार एकदाचं मला, पण हे बंद कर.” ती म्हणाली, “मारायला हात लागतोय.”

श्रावणात तिला कावीळ झाली. अंबाजोगाईला दाखल केलं, पण उशीर झाला होता. आठव्या दिवशी पहाटे गेली. हाताचा आणि काविळीचा काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी मला तसं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात आणि डाव्या तळहातावर ज्याचं त्याचं लिंग देतात. तसंच खाली नेतात. खड्ड्यात एका बाजूला कोनाड्यासारखी जागा करतात, तिथे माणूस बसतं आणि आजूबाजूने विभूती, बेल, मीठ भरतात.

सिदू आणि मी खाली उतरलो होतो. तिला नीट टेकवून बसवलं. जंगमस्वामींनी वरून वाकून लिंग दिलं. सिदूने तिचा डावा हात धरून तळहात वर करायला बघितला. तो वर होईना. त्याने जरा जोर केला आणि थांबला. लिंग ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं.

स्वामी म्हणाले, “गळ्यातच बांधा. चालतंय. शेवटी भाव मोठा.”

“न्हाई,” मी म्हणालो.

“दाजी, आता कशाला ओढाताण?” सिदू म्हणाला. “मेलेल्या माणसाला तरी...” कोर्टातल्या त्या तारखेपासून तो माझ्याशी नीट बोलला नव्हता. त्या दिवशीही बोलायचं नसावं.

“तू वर जा,” मी म्हणालो.

तो गेला नाही. कडेला सरकून उभा राहिला.

मी तिच्या उजव्या बाजूने पुढे झुकलो. तिचं डावं कोपर तिच्या कुशीला लावलं. एका हाताने ते दाबून धरलं, दुसऱ्याने मनगट धरलं. हात गार होता. हळूहळू वळवायला लागलो. झटका द्यायचा नाही, मोहिनीबाई म्हणायच्या. अकरावर येऊन तो अडला. तिथेच अडणार होता.

मी तिथे धरून ठेवला.

“भर,” मी सिदूला म्हणालो. “हाताखाली भर. बाहेरच्या बाजूनं.”

त्याला कळलं. त्याने विभूतीचे गोळे हाताखाली रचायला सुरुवात केली. मनगटाखाली, मग अंगठ्याच्या बाजूला, मग मीठ, वर बेल. हात कलता होता तसाच राहावा आणि लिंगाला बाजूने आधार मिळावा, असं त्याने दाबून दाबून भरलं. मग त्याने लिंग उचललं आणि माझ्यापुढे केलं. मी मान हलवली. माझे दोन्ही हात गुंतले होते. त्यानेच ते तिच्या बोटांच्या आत, बेलावर टेकवून ठेवलं.

लिंग राहिलं.

“बसलं,” सिदू म्हणाला. “दाजी, बसलं. सोडा आता.”

वरून कुणीतरी माती लोटायची का विचारलं. सिदूने हात वर करून थांबवलं.

माझे वीस झाले होते. मी पुढे मोजत राहिलो.